पाणबुडीचे उतारू

जालना जिल्ह्यातल्या मंठ्याचा मुलगा पुण्याला शिकायला गेला की पहिल्या दोन-तीन रविवारांतच कुणीतरी त्याला सिंहगडावर नेतं. पिठलं-भाकरी, कांदाभजी, मडक्यातलं दही. तानाजीच्या समाधीला हात जोडायचे, टिळकांचा बंगला पाहायचा, मग कड्याच्या कडेला उभं राहून खाली चमकणारं खडकवासल्याचं पाणी बघायचं. एवढं झालं की माणूस गड उतरतो.

४ फेब्रुवारी १६७०ची रात्र आपल्याकडे शाळकरी पोरालाही पाठ असते. पण त्यानंतर सुमारे पावणेतीनशे वर्षांनी, याच डोंगराच्या आसऱ्याने, आणखी एका तऱ्हेच्या रात्रीच्या मोहिमांची तयारी झाली. ती फारशी कुणी सांगत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या गुप्त युद्धखात्याने सिंहगड-खडकवासला परिसरात आपली प्रशिक्षण केंद्रं थाटली होती. तिथे चिनी तरुण शिकायला होते, त्यांतले काही सिंगापूर आणि मलायातून निसटलेले. खुणेची भाषा, बिनतारी यंत्र, सुरुंग, जंगलात उपाशी राहून चालत राहण्याची सवय, खोटं नाव आणि त्या नावामागचं खोटं आयुष्य, असं त्यांचं शिक्षण. ते संपलं की त्यांना श्रीलंकेला नेत, पाणबुडीत बसवत आणि जपानच्या ताब्यातल्या किनाऱ्यावर रात्री उतरवून देत.

सिंहगड आणि सिंगापूर, दोन्ही नावं एकाच संस्कृत शब्दातून आलेली. सिंहपुरातून परागंदा झालेली माणसं सिंहाच्या गडाखाली लढायला शिकली, हा योगायोग मराठी माणसाच्या मनाला भिडल्याशिवाय राहत नाही.

हे गुप्त खातं म्हणजे स्पेशल ऑपरेशन्स एक्झिक्युटिव्ह, थोडक्यात एसओई. त्याच्या भारतातल्या शाखेचा प्रमुख कॉलिन मॅकेंझी हा दोऱ्याच्या रिळांसाठी प्रसिद्ध असलेल्या जे. अँड पी. कोट्स कंपनीतला अधिकारी. पहिल्या महायुद्धात त्याने एक पाय गमावला होता. मुख्य ठाणं मीरतला होतं. मार्च १९४४पासून ही शाखा ‘फोर्स १३६’ म्हणून ओळखली जाऊ लागली. गोव्यातली एक घटना हिच्याच खात्यावर जमा आहे. ९ मार्च १९४३च्या रात्री मुरगाव बंदरातल्या ‘एहरेनफेल्स’ या जर्मन जहाजावर कलकत्त्याच्या स्वयंसेवक दलातल्या प्रौढ मंडळींनी छापा घातला. पोर्तुगालच्या तटस्थ पाण्यात आसरा घेतलेलं ते जहाज बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना खबरा पुरवतं, असा संशय होता. १९८०च्या ‘द सी वुल्व्ज’ या सिनेमामुळे मुरगावची ती रात्र जगाला माहीत झाली. खडकवासल्याच्या वाट्याला मात्र सिनेमा आला नाही.

खडकवासल्याच्या काठावर त्या काळात आणखीही बरंच काही चालू होतं. तलावाच्या उत्तर काठावर ‘एचएमएस अंगोस्तुरा’ नावाचं एक लुटुपुटूचं जहाज उभारलं होतं आणि जहाजातून किनाऱ्यावर उतरण्याचा सराव दोस्त फौजा तिथे करत. युद्ध संपल्यावर ही सगळी जागा ओस पडली. पुढे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीसाठी जागा शोधताना खडकवासला पसंत पडण्यामागे हे तयार ठाणंही एक कारण ठरलं. ६ ऑक्टोबर १९४९ला पंडित नेहरूंनी तिथे कोनशिला बसवली. समुद्रापासून इतक्या आत, सह्याद्रीच्या कुशीत, माणसं समुद्रातून किनाऱ्यावर उतरायला शिकत होती.

अशा उतरण्याची गरज का पडली, हे समजायला डिसेंबर १९४१मध्ये जावं लागतं, आणि तिथे मंठ्याचाही धागा सापडतो. मंठा तेव्हा निजामाच्या हैदराबाद संस्थानात, परभणी जिल्ह्याच्या परतूर तालुक्यात होतं. जालना जिल्हा व्हायला १९८१ साल उजाडायचं होतं. आजही मंठ्याहून मुंबईचा किनारा रस्त्याने चारशे किलोमीटरहून लांब आहे. पण मंठा ज्या संस्थानात होतं त्याची एक पलटण त्या डिसेंबरात थेट समुद्रावर उभी होती. ८ डिसेंबर १९४१ला मध्यरात्रीनंतर जपानी फौजा मलायाच्या ईशान्य टोकाला कोटा भारूच्या किनाऱ्यावर उतरल्या. पर्ल हार्बरवर बॉम्ब पडायला अजून अवकाश होता. किनाऱ्यावर डोग्रा पलटण होती आणि मागच्या विमानतळाच्या राखणीला हैदराबाद संस्थानची पहिली इन्फन्ट्री. त्या गोंधळात पलटण मागे हटली आणि तिचे कमांडर लेफ्टनंट कर्नल हेंड्रिक्स मारले गेले.

पुढचे शंभर दिवस ब्रिटिशांची पीछेहाट होत राहिली. १५ फेब्रुवारी १९४२ला सिंगापूर पडलं, मार्चमध्ये रंगून गेलं आणि २३ मार्चला अंदमान एकही लढाई न होता जपानच्या हाती पडलं. बंगालच्या उपसागराच्या पलीकडे काय चाललंय, किती फौज आहे, कुठे धावपट्ट्या बांधल्या जाताहेत, लोक काय खातात आणि कुणाच्या बाजूने बोलतात, यातलं काहीच कलकत्ता-कोलंबोला कळेनासं झालं. लांबच्या बेटावर विमानं क्वचित पोचत, आणि पोचली तरी झाडांच्या शेंड्यांखालचं वरून दिसत नाही. माणूस पाठवणं भाग होतं, आणि माणूस पोचवायला पाणबुडीशिवाय भरवशाचं वाहन नव्हतं.

ते वाहनही उसनं मिळालं. ‘ओ-२४’ ही डच पाणबुडी मार्च १९४०मध्ये रॉटरडॅमला पाण्यात सोडली गेली. मे महिन्यात जर्मनीने हॉलंडवर हल्ला केला तेव्हा तिचं काम पुरतं झालंही नव्हतं. तशीच ती इंग्लंडला निघून गेली. पुढे जावा-सुमात्राही जपानने घेतलं, म्हणजे तिच्या खलाशांना ना मायदेश उरला ना वसाहत. ते आता कोलंबोहून निघत आणि परक्यांना परक्यांच्या किनाऱ्यावर सोडून येत.

या कामाची रीत समजून घेण्यासारखी आहे. पाणबुडी दिवसभर किनाऱ्याजवळ पाण्याखाली पडून राहायची. कप्तान थोड्या थोड्या वेळाने पेरिस्कोप वर काढून किनारा न्याहाळायचा. धूर दिसतो का, मासेमारीच्या होड्या किती, कुठल्या वेळी परततात, ओढ्याचं मुख कुठे आहे. आत हवा जड होत जायची. विषुववृत्ताजवळच्या उकाड्यात माणसं अंगावरचे कपडे काढून, हालचाल न करता पडून असायची, कारण हालचाल केली की हवा लवकर संपते. अंधार पडला की पाणबुडी वर यायची आणि जमेल तितकी किनाऱ्याकडे सरकायची. मग घडीच्या होड्या निघायच्या. लाकडी सांगाड्यावर कॅनव्हास ताणलेल्या या होड्यांना फोल्बोट म्हणत. पाणबुडीच्या अरुंद तोंडातून त्या घडी करूनच वर काढायच्या, ओल्या डेकवर अंधारात जोडायच्या आणि आवाज न करता पाण्यात सोडायच्या. तांदूळ, औषधं, दारूगोळा, बिनतारी यंत्राचे भाग, सगळं पत्र्याच्या डब्यांत झाळून बंद केलेलं. पाणबुडीच्या खलाशांना सगळ्यात जास्त धास्ती याच वेळाची. उथळ पाण्यात पाणबुडी बुडी मारू शकत नाही, आणि वर उघडी पडलेली पाणबुडी म्हणजे एखाद्या गस्ती नावेचीही आयती शिकार.

किनाऱ्याला पाय लागले की पहिलं काम पावलं पुसण्याचं. दुसरं होडी लपवण्याचं आणि तिसरं डबे पुरण्याचं. हे सगळं उजाडायच्या आत. तोवर पाणबुडी समुद्रात नाहीशी झालेली असायची, आणि पुढची भेट कधी कधी कित्येक महिन्यांनी ठरलेली.

जानेवारी १९४३मध्ये ‘ओ-२४’ने अंदमानात मेजर डेनिस मॅकार्थीची छोटी तुकडी अशीच उतरवली. मोहिमेचं सांकेतिक नाव ‘बाल्डहेड’. मॅकार्थीची निवड विचारपूर्वक झाली होती. युद्धापूर्वी तो पोर्ट ब्लेअरला पोलीस अधिकारी होता; बेटावरच्या वाटा, वस्त्या आणि माणसं त्याला ठाऊक होती. सोबत काही भारतीय सहकारी होते. जपानी पहारा मुख्यतः पोर्ट ब्लेअरच्या बाजूला, म्हणून ते उतरले बेटाच्या जंगली भागात. हे जंगल मोकळं नव्हतं. तिथे जारवा राहत होते, आणि त्यांच्या लेखी इंग्रज काय नि जपानी काय, दोघेही घुसखोरच. चिखल, जळवा, पाऊस आणि कधी कुठून सुटेल ते न कळणारा बाण, यांतून वाट काढत तुकडी वस्तीच्या जवळ पोचली, जपानी फौजेची आणि लोकांच्या हालांची माहिती घेतली आणि पाणबुडीनेच परत फिरली. पुढेही अशा तुकड्या अंदमानात येत राहिल्या.

त्याच जानेवारीत हजारो मैल पूर्वेला, फिलिपिन्सच्या नेग्रोस बेटावर, ‘गजन’ या अमेरिकन पाणबुडीतून हेसुस व्हिलामोर हा फिलिपिनो वैमानिक उतरला. मायदेशाच्या किनाऱ्यावर तो चोरासारखा आला आणि त्याने बेटांवरच्या हेरांचं जाळं विणायला घेतलं. दोन महासागर, दोन पाणबुड्या, पण गरज एकच. ज्याला तिथली भाषा येते, ज्याचा चेहरा तिथल्या बाजारात खपून जातो, असा माणूस हवा होता.

सिंहगडाखाली शिकलेल्या मुलांची निवडही याच कारणाने झाली. मलायात गोरा माणूस शंभर पावलांवरून ओळखू येणार. चिनी तरुण दुकानदार होऊ शकत होता, कोळी होऊ शकत होता. २४ मे १९४३ला ‘ओ-२४’ने जॉन डेव्हिस या जुन्या पोलीस अधिकाऱ्याला पाच चिनी सहकाऱ्यांसह पेराकच्या किनाऱ्यावर उतरवलं. या मालिकेचं नाव ‘गुस्ताव्हस’. जवळच पांगकोर हे कोळ्यांचं बेट होतं. माशांचा धंदा असलेल्या जागी होडी रात्री-अपरात्री समुद्रात गेली तरी कुणी भुवया उंचावत नाही, म्हणून पाणबुडीला गाठायला ही जागा सोयीची. इपोह गावात दुकान थाटलं गेलं आणि मालाच्या हिशेबाआड खबरा गोळा होऊ लागल्या.

नोव्हेंबरात लिम बो सेंग आला. सिंगापूरच्या विटा आणि बिस्किटांच्या कारखानदार घराण्यातला हा माणूस. चीनच्या मदतीसाठी जपानी मालावर बहिष्कार घालण्यात तो आधीपासून पुढे होता, म्हणून सिंगापूर पडायच्या तोंडावर त्याला बायको-मुलं मागे ठेवून निघावं लागलं. चुंगकिंगहून तरुण गोळा करून त्यानेच त्यांना भारतात आणलं होतं. डेव्हिस, रिचर्ड ब्रूम आणि लिम यांनी बिडोरच्या डोंगरातल्या तळावर मलायातल्या कम्युनिस्ट गनिमांशी करार केला: आम्ही शस्त्रं देऊ, तुम्ही लढा. जंगलात आधीपासून तग धरून असलेला फ्रेडी स्पेन्सर चॅपमनही तोवर तिथे पोचला होता. गनिमांच्या वतीने बोलणारा मुख्य माणूस लाइ तेक स्वतः जपान्यांना फितूर आहे, हे त्यांतल्या कुणालाही ठाऊक नव्हतं.

आणि बिनतारी यंत्र? ते आणलेलं होतं, पण बॅटऱ्या आणि जनित्रासकट इतकं अवजड, की किनाऱ्यावरून डोंगरात नेणं महिनोन्‌महिने जमलंच नाही. पहिला संदेश जोडला गेला तो १ फेब्रुवारी १९४५ला. पहिलं पाऊल किनाऱ्यावर पडून तेव्हा वीस महिने उलटले होते. पाणबुडीच्या भेटी सोडल्या तर इतका काळ कोलंबोच्या लेखी ही माणसं असून नसल्यासारखीच होती.

मधल्या काळात जाळं फाटलं होतं. मार्च १९४४मध्ये जपानी लष्करी पोलीस, म्हणजे केंपेताई, पांगकोरपर्यंत पोचले. एक सापडला, त्याच्यामागून बाकीचे. लिम बो सेंगही पकडला गेला. बाटू गाजाच्या तुरुंगात छळ आणि हगवणीने २९ जून १९४४ला तो गेला, वयाच्या पस्तिसाव्या वर्षी. सहकाऱ्यांची नावं त्याने सांगितली नाहीत. चॅपमन आणि ब्रूम सुटले ते मे १९४५मध्ये. पांगकोरजवळच्या छोट्या बेटावरून ‘स्टेट्समन’ ही ब्रिटिश पाणबुडी त्यांना घेऊन गेली.

या गोष्टीला दुसरी बाजू आहे, आणि ती भारतीय वाचकाला अधिक जवळची वाटेल. पाणबुड्या जपानकडेही होत्या. पेनांग बेटावर भारतीय तरुणांना अशाच कामासाठी तयार करणारी ‘स्वराज इन्स्टिट्यूट’ होती. तिथले तरुण सप्टेंबर १९४२मध्ये पाणबुडीतून केरळच्या तानूर किनाऱ्यावर उतरले, दुसरी तुकडी काठेवाडच्या बाजूला. जवळजवळ सगळे लवकरच पकडले गेले. वक्कम अब्दुल खादर, अनंतन नायर, फौजा सिंग आणि सत्येंद्र बर्धन यांना १० सप्टेंबर १९४३ला मद्रासच्या तुरुंगात फाशी झाली. ब्रिटिशांच्या कागदांत ते शत्रूचे हस्तक. आपल्या लेखी ते हुतात्मे. तानूरच्या वाळूवर आणि पेराकच्या वाळूवर उतरणाऱ्यांच्या पोटात त्या रात्री सारखाच गोळा आला असेल.

पाणबुडीचा सर्वांत प्रसिद्ध उतारू तर नेताजीच. फेब्रुवारी १९४३मध्ये ते जर्मनीतल्या कीलहून निघाले, मादागास्करजवळ खवळलेल्या समुद्रात रबरी होडीतून जपानी पाणबुडीवर चढले आणि मेच्या पहिल्या आठवड्यात सुमात्राच्या टोकावरच्या सबांगला उतरले. त्यांच्याबरोबरचा एकमेव भारतीय सहकारी आबिद हसन हैदराबादचा, म्हणजे मंठा ज्या संस्थानात होतं त्याच्याच राजधानीचा. नेताजी सबांगला उतरल्याला तीन आठवडेही झाले नव्हते, तोच डेव्हिस पेराकच्या किनाऱ्यावर उतरला. एकाच सामुद्रधुनीचे दोन किनारे, आणि दोन्ही पाणबुडीतून उतरणाऱ्यांच्या कामी आले.

पण पाणबुडी निघून गेल्यावर किनाऱ्यावर राहतो त्याचं काय होतं? या इतिहासात सगळ्यात कमी लिहिलं गेलं ते यावर, आणि सगळ्यात मोठी किंमत मोजली गेली ती इथेच.

मराठी माणसाला अंदमानचं सेल्युलर जेल सावरकर बंधूंमुळे माहीत आहे. १९४३मध्ये त्याच कोठड्या पुन्हा भरल्या, या वेळी बेटावरच्याच लोकांनी. आपल्या जहाजांच्या हालचाली कुणीतरी बाहेर कळवतं, असा जपान्यांचा संशय पक्का झाला. जंगलातल्या तुकड्या हाती लागल्या नाहीत. हाताशी होती पोर्ट ब्लेअरची माणसं. हेरगिरीच्या खटल्यांत अधिकारी, डॉक्टर, शिक्षक, व्यापारी धरले गेले. छळ करून कबुलीजबाब घेतले जात आणि प्रत्येक कबुलीजबाबातून नवी नावं निघत. ३० डिसेंबर १९४३ला नेताजींनी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला, तेव्हा जवळच्याच तुरुंगात ही माणसं होती. त्यांच्यापर्यंत नेताजींना पोचू दिलं गेलं नाही. इंडियन इंडिपेन्डन्स लीगचे तिथले पुढारी, पंजाबीतले कवी डॉ. दिवाण सिंग, छळाने १४ जानेवारी १९४४ला वारले. त्यानंतर ३० जानेवारीला हम्फ्रीगंज इथे चव्वेचाळीस जणांना गोळ्या घालून पुरण्यात आलं. त्यांतले बरेच जण त्याच लीगचे सभासद, म्हणजे जपानला मित्र मानणारे होते.

मॅकार्थीला किंवा त्याला पाठवणाऱ्यांना हे हवं होतं असं कुणी म्हणणार नाही. तरीही मोहिमेच्या हिशेबात हे चव्वेचाळीस जण धरलेच पाहिजेत. ज्या बेटावर माणूस गुपचूप उतरवला जातो, तिथल्या प्रत्येक रहिवाशाच्या माथी संशय चिकटतो, आणि त्यांना कुणी विचारलेलं नसतं.

मंठ्याच्या जुन्या पिढीला हे समजावून सांगावं लागलं नसतं. मंठ्याच्या उत्तरेला लोणार. ते वऱ्हाडात, म्हणजे १९४७नंतर स्वतंत्र भारतात. मंठा मात्र निजामाकडे. मधली हद्द पायी ओलांडता येण्याजोगी. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली हैदराबाद स्टेट काँग्रेसने हद्दीपलीकडे कॅम्प उघडले. तिथून रात्री माणसं आत येत, करोडगिरीचे नाके जाळत, खबरा घेत आणि उजाडायच्या आत परतत. इथे पाणबुडी नव्हती, समुद्र नव्हता. पण अंधार तोच होता, आणि दार उघडून भाकरी देणारं घरही तेच. सकाळी निजामाच्या बाजूचे रझाकार आले तर ते त्या घरावर येत, कॅम्पवर नव्हे.

लिम बो सेंगचं स्मारक सिंगापूरच्या एस्प्लनेड बागेत २९ जून १९५४पासून उभं आहे. त्यावरचा मजकूर इंग्रजी, चिनी, तमिळ आणि मलय भाषांत कोरलेला आहे. हम्फ्रीगंजलाही हुतात्मा स्मारक आहे. अंदमानला जाणारी मराठी कुटुंबं सेल्युलर जेल पाहून परततात. त्यांनी अर्धा दिवस काढून तिथेही जावं. आणि मंठा, परतूर, जिंतूरकडच्या ज्या घरांनी १९४८च्या त्या रात्रींत दार उघडलं, त्यांतल्या आजी-आजोबांपैकी जे कुणी अजून आपल्यात आहेत, त्यांच्याजवळ बसून त्या घरांची नावं येत्या १७ सप्टेंबरच्या, म्हणजे मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनाच्या, आत लिहून घ्या.